मेंदूतल्या हद्दी कोणी आखल्या?

रत्नागिरी-चिपळूणकडच्या माणसाला पूर्वी मेंदूचा एमआरआय म्हटला की मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठावं लागे. आता मशीन जवळ आलं, आणि विसरभोळेपणासाठी नेलेल्या आजीच्या रिपोर्टवर ‘हिप्पोकॅम्पसचं आकारमान वयाच्या मानाने कमी’ अशी ओळही कधीकधी दिसते. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींशी संबंधित मेंदूचा भाग. पण आकारमान काढायचं तर हिप्पोकॅम्पस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असावं लागतं. मोजण्यासाठी असा आखून घेतलेला मेंदूचा भाग म्हणजे रीजन ऑफ इंटरेस्ट. या क्षेत्रातले लोक नुसतं आरओआय म्हणतात. ही हद्द कोणी आखायची आणि कशावरून, हा वाद मशीनच्या कितीतरी आधीचा आहे.

1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरकडे लबोर्न नावाचा रुग्ण आला. त्याला बोललेलं समजे, पण तोंडातून ‘टॅन’ एवढंच निघे. तो काही दिवसांतच वारला. ब्रोकाने मेंदू काढून पाहिला, तर डाव्या बाजूला कपाळामागचा भाग खराब झालेला. त्यावरून वाचेची जागा ठरली. ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, तसाच जपून ठेवला. 2007 मध्ये त्याचं एमआरआय केल्यावर कळलं, की इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून बरीच आत गेली होती. म्हणजे पहिली प्रसिद्ध हद्दच अपुऱ्या नजरेने आखलेली. ब्रोकाला दोष देता येत नाही, त्याच्याकडे डोळ्यांपलीकडे साधन नव्हतं.

1909 मध्ये जर्मन कॉर्बिनियन ब्रॉडमनने सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहून मेंदूच्या पृष्ठभागाचे तुकडे पाडले आणि त्यांना आकडे दिले. आकडे 52 पर्यंत जातात, मधले काही माणसाच्या नकाशात नाहीतच. आजही शोधनिबंधात ‘बीए 44’ लिहिलेलं दिसतं ते त्याचंच. अडचण अशी, की स्कॅनमध्ये पेशी दिसत नाहीत, घड्या दिसतात. आणि पेशींची सीमा घडीच्या कडेला धरून चालतेच असं नाही. शिवाय हे क्षेत्र 44 माणसामाणसांत कित्येक पटींनी लहानमोठं असतं.

तरी आकडे चालू राहिले, कारण ते सोयीचे होते. झां तालैराक हा फ्रेंच न्यूरोसर्जन. मेंदूच्या शस्त्रक्रियेत सुई कुठे न्यायची यासाठी त्याला नकाशा हवा होता. त्याने तुर्नूसोबत 1988 मध्ये काढलेला ॲटलास जगभर वापरला गेला. तो एका साठ वर्षांच्या बाईच्या मेंदूवरून केलेला होता आणि ब्रॉडमनचे आकडे त्यावर नजरेच्या अंदाजाने बसवलेले. 1990 च्या दशकात मॉन्ट्रियलच्या संस्थेने 305 जणांची सरासरी काढली. त्यातले 239 पुरुष आणि वयाने बहुतेक तरुण. मग 2002 मध्ये एएएल हा लोकप्रिय नकाशा आला, तो पुन्हा एकाच माणसाचा, फक्त त्याचं 27 वेळा स्कॅनिंग करून चित्र स्वच्छ केलेलं. आपल्या लोकांच्या मेंदूंवरून टेम्प्लेट, म्हणजे प्रत्येकाचा स्कॅन ज्यावर बसवून पाहायचा तो साचा, करण्याचं काम हैदराबादच्या ट्रिपल आयटीत झालं आणि 2019 मध्ये 100 जणांचा ॲटलास जाहीर झाला. त्यातला सरासरी मेंदू पाश्चात्त्य टेम्प्लेटपेक्षा लहान निघाला. परक्या साच्यात बसवताना आपला मेंदू ताणावा लागतो, तो इथे.

नकाशावर विश्वास न ठेवणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. 1997 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक माणसाला एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, आधी चेहऱ्यांची आणि वस्तूंची चित्रं दाखवली. चेहऱ्याला जास्त प्रतिसाद देणारी जागा ज्याच्या त्याच्या मेंदूत शोधली आणि पुढचे प्रयोग तेवढ्यापुरते केले. 15 पैकी 12 जणांत ती सापडली. या पद्धतीला लोकलायझर म्हणतात. 2006 मध्ये कार्ल फ्रिस्टन या मेंदूशास्त्रज्ञाच्या गटाने तिच्यावर कडाडून टीका केली: ठरवलेल्या चौकटीबाहेर काय घडतं ते तुम्ही बघणारच नाही. दोन्ही बाजूंत दम आहे. पण चौकट न आखता शोधायला निघालं की काय होतं ते आकड्यांत बघा. 3 मिलिमीटरचे घन धरले तर मेंदूत साधारण 50,000 ठिपके होतात. प्रत्येकाची वेगळी परीक्षा 5 टक्क्यांच्या कसोटीवर (काही नसताना शंभरात पाचदा ‘आहे’ म्हणणाऱ्या) घेतली, तर मेंदूत काहीही घडत नसताना 2,500 ठिपके ‘उजळतात’. 2009 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मेलेला सॅल्मन मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले (आपल्या बाजारात रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात तो नव्हे, अटलांटिकमधला). इतक्या परीक्षा एकदम घेतल्याची दुरुस्ती न केलेल्या गणितात माशाचा मेंदू विचार करताना दिसला! त्या कामाला 2012 चं इग नोबेल मिळालं.

त्याच वर्षी, 2009 मध्ये, निकोलाउस क्रीगेसकोर्ट आणि सहकाऱ्यांनी आरओआयवाल्यांचीही खोड दाखवली. आधी सगळा मेंदू पाहायचा, फरक जिथे मोठा दिसतो तिथे हद्द आखायची आणि त्याच डेटावरून त्या हद्दीतला फरक मोजून मोठा आहे म्हणून सांगायचं. भात जिथे जोमाने आलंय तेवढ्याभोवती बांध घालायचा आणि मग दर गुंठ्याचं पीक मिरवायचं, तसलाच हा प्रकार. त्यांनी 2008 मधले एफएमआरआयचे 134 निबंध तपासले. 42 टक्क्यांत निदान एक तरी विश्लेषण असं फिरून स्वतःवरच येणारं होतं. नामांकित नियतकालिकांतले निबंध हे, ऐऱ्यागैऱ्यांचे नव्हेत.

समजा उद्या सावंतवाडीतल्या मुलांमध्ये घरची मालवणी आणि शाळेची प्रमाण मराठी ऐकताना मेंदू कसा वागतो, हे कुणाला पाहायचं आहे. मुलं मशीनमध्ये जाण्याआधीच त्याला लिहून ठेवावं लागेल, की आरओआय कुठल्या नकाशातून घेणार, आणि प्रौढांचा नकाशा असेल तर तो मुलांना कसा लावणार. लोकलायझर वापरायचा तर एका फेरीत जागा शोधायची आणि दुसऱ्या, वेगळ्या फेरीत मोजायची. लोकलायझरला भाषा कुठली, हाही प्रश्न आहेच: प्रमाण मराठीने जागा शोधली तर मालवणीची बाजू सुरुवातीलाच पडती धरल्यासारखं होईल. दोन्हींच्या सारख्या फेऱ्या घेतल्या तर वेळ दुप्पट लागेल, आणि आठ वर्षांचं पोर तेवढा वेळ मशीनमध्ये मान न हलवता पडून राहायला हवं.