सिटीची गाडी की टँकर? घरी कधी पोचता यावरून ठरवू नका

हेवी लायसन्स हातात आलं की पहिला प्रश्न हाच: सिटीत माल पोचवायची गाडी धरावी की टँकर? उत्तरही ठरलेलं मिळतं. सिटीत रोज घरी, टँकरवर आठ-आठ दिवस बाहेर. पण टँकरला पैसा बरा आणि माल चढवा-उतरवायची कटकट नाही. यातलं एकही वाक्य धड खरं नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोत डिझेल भरून जवळच्या तालुक्यातल्या पंपावर गेलेला टँकर त्याच दिवशी परत येऊ शकतो. पुण्यात सोसायट्यांना पाणी घालणारा टँकर तर शहराबाहेर पडतच नाही. उलट भिवंडीच्या गोदामातून निघालेली 'लोकल' गाडी नो-एंट्रीत अडकली, की ड्रायव्हर रात्री उशिरापर्यंत घोडबंदर रोडलाच. घर आणि मुक्काम यावर या दोन कामांतला फरक ठरत नाही. एका गाडीत माल बसलेला असतो, दुसरीत तो हलतो. फरक इथून सुरू होतो.

सिटीचं काम बहुतेकांना ठाऊक आहे. दिवसाला दहा-बारा ठिकाणी माल उतरवायचा, वाराई (माल उतरवण्याची हमाली) कोणी द्यायची यावर प्रत्येक दुकानात वाद, पीओडीवर (माल पोचल्याच्या पावतीवर) सही-शिक्का घेतल्याशिवाय पुढे हलायचं नाही, अरुंद गल्लीत क्लीनरच्या आवाजावर गाडी रिव्हर्सला घ्यायची. क्लच झिजतो, आरसे फुटतात, चलन येतं. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर टेम्पोला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यावरच्या गाडीला लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद हवीच. गर्दीत संयम ठेवायची सवय आणि गाडीच्या चारी कोपऱ्यांचा अंदाज इथे जसा येतो तसा दुसरीकडे कुठे येत नाही.

आता टँकर. पोत्यांची किंवा खोक्यांची गाडी नीट बांधली असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी आणि माल एकदमच थांबतात. टँकरमध्ये आधी गाडी थांबते आणि मग माल पुढे येतो. सिग्नलला गाडी उभी राहिली, ड्रायव्हरने पाय सैल सोडला, की टाकीतली लाट पुढच्या भिंतीवर आदळते आणि गाडी आणखी फूट-दोन फूट पुढे सरकते, समोर दुचाकी उभी असली तरी. म्हणून टँकरवर गाडी थांबल्यानंतरही लाट पुढे येऊन मागे परतेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. सिटीच्या गाडीवर सराव झालेले हात-पाय नेमके इथेच फसतात.

त्याहून वाईट ते वळणावर. ट्रकमध्ये वळणाच्या मध्यावर वेग जास्त वाटला तर थोडा ब्रेक मारून निभावतं. टँकरमध्ये तोपर्यंत द्रव बाहेरच्या बाजूला चढलेला असतो, गाडीचा भार त्या बाजूच्या चाकांवर गेलेला असतो आणि त्यात ब्रेकचा झटका मिळतो. वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात तो तसाच ठेवायचा. लेन बदलतानाही तेच. एकदा उजवीकडे झटका, लगेच डावीकडे सावरून घेणं हे ट्रकला सहन होतं. टँकरमध्ये पहिल्या झटक्याची लाट परतायला आणि दुसरा झटका बसायला एकच वेळ साधली की गाडी आडवी होते. केबिनमध्ये बसलेल्याला मागची आतली चाकं उचलली जाताहेत हे बऱ्याचदा फार उशिरा कळतं.

आणि इथेच तो गोंधळ आहे, जो पुन:पुन्हा ऐकून वीट आला आहे: "अर्धाच भरलाय, हलका आहे, जाऊ दे जोरात." काठोकाठ भरलेल्या टाकीत द्रवाला हलायला जागाच नसते. गाडी जड असते, थांबायला जास्त अंतर लागतं, पण ती एकसंध वागते. अर्ध्या-पाऊण टाकीत द्रवाला धावायला मोकळी जागा मिळते आणि धक्का द्यायला पुरेसं वजनही असतं. वजनकाट्यावर हलकी दिसणारी हीच गाडी उलटायला सोपी.

बॅफल आहेत ना, मग काय भीती, असंही म्हणतात. बॅफल म्हणजे टाकीत आडवा बसवलेला भोकं असलेला पत्रा. तो पुढे-मागे जाणारी लाट मोडतो. डावी-उजवीकडची लाट तो अडवत नाही, म्हणजे वळणावर त्याचा भरवसा धरता येत नाही. दुधाच्या टाक्या आतून धुवाव्या लागतात, म्हणून त्यांत बॅफल बऱ्याचदा नसतातच. पेट्रोल-डिझेलच्या टँकरचं वेगळं आहे. तिथे टाकीचे बंद कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा ठरलेल्या खुणेपर्यंत भरतात. कप्पा एकतर भरलेला, नाहीतर रिकामा. दोन पंपांवर माल द्यायचा असेल तर सगळ्यात मागचा कप्पा आधी रिकामा करून घ्यावा. मागे माल आणि पुढे रिकामं असलं की पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

म्हणून नव्या माणसाला आमचा ठाम सल्ला: पाण्याच्या टँकरवर सुरुवात करू नका. 'लोकल आहे, सोपं आहे' म्हणून पोरं तिथेच आधी जातात. १०,००० लिटर म्हणजे १० टन पाणी. एका सोसायटीत अर्धं सोडलं की ५ टन मोकळं पाणी घेऊन स्पीडब्रेकर आणि चौक पार करायचे, तेही फेऱ्यांच्या घाईत. कप्पे नसलेली जुनी टाकी असेल तर यासारखी अवघड गाडी नाही. आधी दोन वर्षं सिटीची भरलेली गाडी चालवा आणि मग कप्प्यांच्या इंधन टँकरवर जा.

त्यासाठी नुसतं हेवी लायसन्स पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९ प्रमाणे धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. साधं ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांचं, हे तीन वर्षांचं. टाकीवरच्या पाटीतला यूएन नंबर, म्हणजे आत कोणता माल आहे ते सांगणारा आकडा (पेट्रोल १२०३, डिझेल १२०२), वाचता आला पाहिजे आणि ट्रेम कार्ड (गळती-आग झाली तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) केबिनमध्ये हाताशी हवं.

टँकरला माल उतरवायची कटकट नाही, हेही खोटं. पंपावर गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाला ठोकळे, अग्निशामक बाहेर काढून ठेवायचा आणि झाकण उघडायच्या आधी अर्थिंगची क्लिप (स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून) लावायची. मग सील नंबर डेपोच्या चलनाशी (मालासोबतच्या कागदाशी) जुळवायचे, माल स्थिर होऊ द्यायचा, डिप (पट्टी बुडवून मालाची उंची) आणि डेन्सिटी (घनता) घ्यायची, पाणी आहे का ते वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट) लावून बघायचं. पेट्रोलचा टँकर रिकामा झाल्यावर तर जास्त जपायचं, कारण आत वाफ उरते आणि ठिणगीला तेवढी पुरे. गॅस-फ्री केल्याशिवाय, म्हणजे आतली वाफ पूर्ण काढल्याशिवाय, अशा टाकीला वेल्डिंग लावू देऊ नये.

नोकरी पक्की करण्याआधी पगारापेक्षा शॉर्टेजचं, म्हणजे माल कमी भरला तर ती तूट कोणाच्या माथी, ते विचारा. १२,००० लिटर पेट्रोल १० अंशांनी थंड झालं तर सव्वाशे लिटरच्या आसपास आकसतं. दुपारी भरून पहाटे उतरवलेल्या मालात ही तूट डिपवर दिसणारच. डेपोतलं तापमान आणि डेन्सिटी चलनावर लिहिलेली असते; पंपावरचे आकडेही त्याच चलनावर लिहून सही घ्या. तापमानाचा हिशेब न करता डिपवरची सगळी तूट ड्रायव्हरच्या पगारातून कापणारा मालक असेल, तर फेरीमागे पाचशे जास्त देत असला तरी ती गाडी धरू नका.