महिला आशिया चषक : भारत दोनदा अंतिम फेरीत होता

सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत फुटबॉलच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "बायकांचं फुटबॉल १९९१च्या विश्वचषकानंतरचं, आणि आपण त्यात कधीच नव्हतो." दोन्ही चूक.

आशियाई महिलांची पहिली स्पर्धा १९७५ मध्ये हाँगकाँगला झाली. जिंकली कोणी? न्यूझीलंडने, थायलंडला ३-१ हरवून! तेव्हा महिलांचा कारभार वेगळ्या आशियाई संघटनेकडे होता. ती १९८६ मध्ये एएफसीत, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघात, विलीन झाली. त्याआधीचा इतिहास विस्मरणात जायला तेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

१९७९ची म्हणून नोंदलेली स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी १९८० मध्ये कालिकतला रंगली. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेस पकडली की आज थेट तिथे उतरता येतं. तेव्हा कोकण रेल्वेच नव्हती. भारत अंतिम फेरीत पोचला, तैवानकडून ०-२ हरला. १९८३ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, यावेळी थायलंडकडून ०-३.

आणि २०२२ची अंतिम लढत तर नवी मुंबईतच, कोकण विभागातच झाली. भारत मात्र कोविडमुळे संघ उभा करू न शकल्याने आधीच बाहेर पडला होता. पुढे जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ हरवून भारताने २०२६च्या स्पर्धेत जागा मिळवली.