आखाती युद्ध (१९९०–९१), इंधनदर आणि भारतातील लोकमत

इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतवर आक्रमण केले आणि चार दिवसांत संयुक्त राष्ट्रांनी इराकवर व्यापारी निर्बंध लादले. दोन्ही देशांचे मिळून दिवसाला ४० लाखांहून अधिक पिंपे तेल बाजारातून नाहीसे झाले. जुलैमध्ये पिंपाला १७ डॉलरांच्या आसपास असलेला भाव ऑक्टोबरात ४० डॉलरांवर गेला. सौदी अरेबियाने उत्पादन वाढवून तूट बरीचशी भरून काढली होती, तरी भाव चढतच राहिले, कारण युद्ध सौदीच्या तेलक्षेत्रांपर्यंत पोहोचेल अशी धास्ती होती. प्रत्यक्ष हवाई हल्ले सुरू झाले तेव्हा, १७ जानेवारी १९९१ या एकाच दिवशी, भाव जवळजवळ एक तृतीयांशाने कोसळला.

भारत तोवर तेलाच्या बाबतीत पूर्ण परावलंबी नव्हता. देशी उत्पादनातले निम्म्याहून अधिक तेल मुंबईजवळच्या समुद्रातील बॉम्बे हाय क्षेत्रातून येत होते. आयात मात्र मोठी होती, आणि इराक व कुवेत हे नेहमीचे पुरवठादार. तेल व तेलजन्य पदार्थांच्या आयातीचा खर्च १९८९–९० मधील सुमारे ३.८ अब्ज डॉलरांवरून पुढच्या वर्षी ६ अब्जांवर गेला. परकीय गंगाजळी आधीच आटत चालली होती, त्यात हा भार पडला.

पंपावरचा दर त्या काळी बाजार ठरवत नसे. सरकार दर जाहीर करी आणि फरक तेल समन्वय समितीच्या तेल खात्यातून भागवला जाई. त्यामुळे जगात भाव वाढल्याची झळ ग्राहकाला लगेच लागत नसे, आणि लागली की ती थेट सरकारच्या निर्णयाच्या रूपात लागे. विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने ऑक्टोबर १९९० मध्ये पेट्रोलियम पदार्थांवर सुमारे २५ टक्के वाढ लादली. ‘आखाती अधिभार’ म्हणून ती ओळखली गेली. नावातच युद्धाकडे बोट दाखवले होते, पण दरवाढीचा राग काढायला सद्दाम हुसेन कोणाच्या हाताशी नव्हता, सरकार होते.

तरीही सिंह सरकार इंधनामुळे पडले असे म्हणता येणार नाही. कुवेतवरील आक्रमणानंतर पाचच दिवसांनी मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली, सप्टेंबरात अडवाणींची रथयात्रा निघाली आणि ७ नोव्हेंबरला सरकार लोकसभेत हरले. या वादळात महागाईचा आवाज दबून गेला. लोकमतावर युद्धाचा खरा परिणाम मोजायचा तर दुसरीकडे पाहावे लागते.

पहिली जागा म्हणजे आखातात अडकलेली माणसे. कुवेत आणि इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले गेले. बहुतेक जण वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला उतरले. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन सद्दामची गळाभेट घेतली, त्यावर टीका झाली. पण इतकी माणसे सुखरूप सोडवायची तर बगदादशी बोलणे भाग होते. केरळप्रमाणेच कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या, अनेक कुटुंबांचा चरितार्थ आखातातून येणाऱ्या पैशांवर चालत होता. तेल महागल्याची चर्चा देशभर झाली. या घरांचा बंद पडलेला पैसा मात्र त्या चर्चेत फार कमी आला, आणि या काळाच्या इतिहासातही त्याला पुरेशी जागा मिळालेली नाही.

दुसरी जागा मुंबईचा सहार विमानतळ. जानेवारी १९९१ मध्ये फिलिपिन्सकडून आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिले जात असल्याचे उघड झाले. चंद्रशेखर यांचे अल्पमतातील सरकार काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर उभे होते. डाव्या पक्षांपाठोपाठ राजीव गांधींनीही अलिप्ततेच्या धोरणाला तडा गेल्याचा आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत ही सवलत थांबली. त्याच जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताला सुमारे १.८ अब्ज डॉलरांचे साहाय्य मंजूर केले होते, म्हणून या दोन गोष्टींचा संबंध अनेकांनी जोडला. तेलासाठी कर्ज आणि कर्जासाठी विमानांना तेल, ही शंका लोकांना पटण्याजोगी होती. सरकार मार्चमध्ये कोसळले ते राजीव गांधींच्या घरावर हरियाणा पोलिसांची पाळत असल्याच्या आरोपावरून. पण दोन्ही पक्षांमधला दुरावा आधीच वाढला होता.

जून १९९१ पर्यंत गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकीच उरली. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परदेशी विकले गेले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला गहाण ठेवण्यासाठी गेले. घरातले दागिने सावकाराकडे नेण्याची वेळ काय असते हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना ही बातमी दरवाढीपेक्षा जास्त लागली. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी पेट्रोल आणि घरगुती गॅस २० टक्क्यांनी महाग केला, डिझेलला हात लावला नाही आणि रॉकेल १० टक्क्यांनी स्वस्त केले. शेतकरी, मालवाहतूकदार आणि गरिबाची चूल यांना कुठवर ताणता येते याचा अंदाज त्या आकड्यांत दिसतो.

सरकारी दरनिश्चिती पुढे टप्प्याटप्प्याने संपली: पेट्रोल २०१० मध्ये आणि डिझेल २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर कच्चे तेल १०० डॉलरांपलीकडे गेले असताना, उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका पार पडेपर्यंत पंपावरचे दर हलले नाहीत. निकालानंतर २२ मार्चपासून पंधरवड्यात लिटरमागे १० रुपयांची वाढ झाली. मे महिन्यात केंद्राने अबकारी कर घटवला. जुलैमध्ये महाराष्ट्रात नव्याने आलेल्या एकनाथ शिंदे सरकारने पेट्रोलवरील कर ५ आणि डिझेलवरील ३ रुपयांनी कमी केला.