नवी हार्ड डिस्क दिसत नाही, म्हणून जुना कॉम्प्युटर बाद होत नाही

‘जुन्या कॉम्प्युटरला २ टीबीपेक्षा मोठी हार्ड डिस्क चालतच नाही’ हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे आणि त्यापायी धडधाकट मशीन भंगारात जातात, याचे वाईट वाटते. ही मर्यादा बहुतेक वेळा मशीनची नसून एमबीआर या, डिस्कचे भाग पाडण्याच्या जुन्या पद्धतीची असते. तिच्यात सेक्टरचा (डिस्कवरील साठवणीच्या छोट्या कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांचा हिशेब सुमारे २.२ टीबीला संपतो. जीपीटी ही नवी विभागणी-पद्धत निवडल्यास विंडोज ७ असलेल्या, साध्या बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या जुन्या मूळ प्रणालीच्या) कॉम्प्युटरवरही माहिती साठवण्यासाठी मोठी डिस्क सहसा पूर्ण वापरता येते. तिच्यावरूनच विंडोज सुरू करायचे असेल, तर मात्र बायोसची जागा घेणारी नवी प्रणाली, यूईएफआय, लागते.

कोरी डिस्क ‘माय कॉम्प्युटर’मध्ये न दिसणे हा बिघाड नव्हे. ती विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनात ‘नॉट इनिशियलाइज्ड’ (अजून तयार न केलेली) अशी दिसते आणि तेथेच तयार करावी लागते. (जुन्या, भरलेल्या डिस्कवर हे कदापि करू नये.)

बायोसमध्येही नाव येत नसेल, तर आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहावे. डिस्क फिरतच नसेल, तर आणखी एक कारण संभवते: काही नव्या, मोठ्या क्षमतेच्या डिस्क पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की बंदच राहतात, आणि अनेक जुने पॉवर सप्लाय तेथे हा दाब सतत देतात. मोलेक्स या चार पिनांच्या जुन्या पॉवर कनेक्टरवरून साटा (आजच्या डिस्कना लागणारा) कनेक्टर देणारा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर लावला, की हा दाब पोहोचत नाही आणि डिस्क फिरू लागते.