पेट्रोलचा दाब कशाच्या तुलनेत? टर्बो बसवलेल्या जुन्या गाडीचा पंप आणि रेग्युलेटर

जुन्या गाडीला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवायचा विषय निघाला की चर्चा टर्बो केवढा, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर कुठे आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, किती याभोवतीच फिरते. पेट्रोल पंपाची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि सल्लाही ठरलेला असतो: मिळेल तो मोठ्यात मोठा पंप टाका, उरलेलं पेट्रोल जाईल परत टाकीत. हा सल्ला निम्मा चुकीचा आहे. शिवाय पिस्टन शाबूत राहणार की वितळणार हे ज्या भागावर ठरतं, त्या रेग्युलेटरचा, म्हणजे पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या झडपेचा, त्यात उल्लेखच नसतो.

मुळात पेट्रोल वाहतं ते दाबातल्या फरकामुळे. नुसतं ‘३ बार’ म्हणून भागत नाही. पेट्रोल जिथे जाऊन पडणार तिथला दाब किती, हेही सांगावं लागतं. टर्बो नसलेल्या इंजिनात तो दाब वातावरणाइतका किंवा त्याहून कमी असतो. म्हणून कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरवणारा जुना यांत्रिक पंप ०.३ बारच्या आसपास दाब देऊनही वर्षानुवर्षं सुखाने चालतो.

टर्बो आला की प्रश्न पडतो: कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी आहे की नंतर? १९६२ साली आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्यांत तो टर्बोच्या आधी होता. टर्बो कार्ब्युरेटरमधून हवा ओढायचा, त्यामुळे कार्ब्युरेटरला बूस्ट कधी दिसायचाच नाही. अशा मांडणीत पंपाकडून फक्त जास्त प्रवाह हवा असतो, जास्त दाब नाही. लोटस एस्प्रिट टर्बो (१९८०), मासेराती बायटर्बो (१९८१) आणि रेनो ५ जीटी टर्बो (१९८५) यांत मात्र टर्बोची दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून पुढे जाते. इथे फ्लोट बाउलमध्येही (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) बूस्टचाच दाब असतो, आणि असायलाच हवा, नाहीतर जेटमधून पेट्रोल बाहेर पडणार नाही.

आता या मांडणीत जुनाच पंप ठेवला तर काय होतं पाहा. पंपाचा दाब ०.३ बार, बाउलमधला ०.७ बार. पेट्रोल आत शिरूच शकत नाही. उलट हवाच नळीत मागे रेटू पाहते. २०० हॉर्सपॉवर देणारं इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण २० मिलिलिटर पेट्रोल पितं. बाउलमध्ये ६० मिलिलिटर शिल्लक असेल, तर तीन सेकंद गाडी झकास पळते आणि मग गचके खाऊ लागते. ‘तिसऱ्या गिअरमध्ये बरी, चौथ्यात गचके’ या तक्रारीमागे बहुतेकदा एवढंच असतं.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत गचके येत नाहीत, म्हणून तिथला धोका जास्त. समजा पेट्रोलचा दाब ३ बारवर स्थिर आहे आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) १ बार बूस्ट आला. इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक २ बारच उरतो. प्रवाह फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे तो ०.८२ पट होतो. हवा-पेट्रोल प्रमाण ११.५ (वजनाने एक भाग पेट्रोलला ११.५ भाग हवा) ठेवायचा बेत असेल, तर प्रत्यक्षात ते १४ च्या वर जातं. पूर्ण बूस्टवर इतकं लीन (पेट्रोल कमी असलेलं) मिश्रण म्हणजे नॉकिंग, सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अवेळी भडका. त्यात पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं आणि तोवर गाडी ‘आज जरा जास्तच जोरात आहे’ असं वाटत असतं.

यावरचा उपाय म्हणजे बूस्टच्या प्रमाणात दाब वाढवणारा, रिटर्न लाइन असलेला रेग्युलेटर. त्याची रचना इतकी साधी आहे की कौतुक वाटतं. एका डबीत मधोमध रबरी डायफ्रॅम, त्याच्या खाली पेट्रोल, वर स्प्रिंग. डायफ्रॅमला जोडलेली झडप रिटर्नच्या भोकावर बसते. पेट्रोलचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की झडप उचलली जाते आणि जादा पेट्रोल टाकीकडे निघून जातं. डायफ्रॅमचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर; ३ बारला त्यावर २१० न्यूटन, म्हणजे २१ किलो वजनाइतका जोर येतो. स्प्रिंग तेवढी दाबून ठेवायची, की झाला ३ बारचा रेग्युलेटर.

खरी गंमत वरच्या डबीला दिलेल्या छोट्या नळीत आहे. त्या नळीतून बूस्टची हवा स्प्रिंगच्या बाजूला सोडली की तीही डायफ्रॅमला खाली दाबते. हवेचं क्षेत्रफळ आणि पेट्रोलचं क्षेत्रफळ एकच, कारण डायफ्रॅम एकच. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच वजन टाकावं तसं हे आहे. बूस्ट १ बार वाढला की झडप उचलायला पेट्रोललाही नेमका १ बार जास्त लागतो, आणि फरक स्प्रिंगने ठरवला तेवढाच राहतो. समीकरणातून क्षेत्रफळ कटून जातं, म्हणून छोटा डायफ्रॅम असो की मोठा, प्रमाण १:१ च येतं. ना संगणक, ना सेन्सर. सोनेरी मुलामा दिलेल्या महागड्या रेग्युलेटरचं १:१ जास्त अचूक असतं असं समजू नका. पैसे मोजायचे ते झडपेच्या भोकाच्या आकारासाठी आणि डायफ्रॅमच्या रबरासाठी. रेग्युलेटरच्या जाहिराती आहेत त्याच पानावर पेट्रोलच्या नळीवर अडकवायची ‘मायलेज वाढवणारी’ चुंबकंही दिसतील. त्यांनी नळी जड होते, एवढाच परिणाम.

नळी कुठून घ्यायची, इथे जाणकारांचीही गल्लत होते. नियम सोपा आहे: पेट्रोल ज्या दाबात सोडलं जातं, तो दाब रेग्युलेटरला दाखवायचा. इंजेक्टरचं टोक थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे मॅनिफोल्डमध्ये उघडतं, म्हणून नळी मॅनिफोल्डवरून घ्यायची. कार्ब्युरेटरचा बाउल थ्रॉटलच्या अलीकडची हवा पाहतो, म्हणून नळी कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या हवाबंद पेटीवरून घ्यायची. कार्ब्युरेटरच्या गाडीत ती मॅनिफोल्डवरून घेतली तर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) तिथे ०.६ बारची निर्वात ओढ असते, ०.३ बारच्या स्प्रिंगवर ती मात करते आणि बाउल उपाशी राहतो. इंजेक्शनमध्ये याच ओढीमुळे आयडलला गेज ३ ऐवजी २.४ दाखवतं. ते बरोबरच आहे. स्क्रू आवळून ते ३ वर आणू नये. मूळ दाब लावायचा तो नळी काढून, रेग्युलेटरचं तोंड मोकळ्या हवेत ठेवून. ही नळी वेगळी घ्यावी, दुसऱ्या कशाशी वाटून घेऊ नये, आणि दोन्ही टोकांना क्लिप लावावी. पूर्ण बूस्टवर ती निसटली तर वर सांगितलेलं लीन मिश्रण हमखास.

आणखी एक पथ्य. इंजेक्शनचा रेग्युलेटर कार्ब्युरेटरला चालत नाही, कारण त्याची स्प्रिंग ०.३ बारइतकी सैल होतच नाही. कमी दाबाच्या स्प्रिंगचा, पण रिटर्न असलेलाच रेग्युलेटर घ्यावा. जुन्या पोर्शे ९११ टर्बोसारख्या के-जेट्रॉनिक (बॉशचं यांत्रिक इंजेक्शन) गाड्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे, त्यांना हा लेख लावू नका.

आता पंप. टर्बो इंजिनाला एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरतात. २०० हॉर्सपॉवरला ५४ किलो, म्हणजे ७३ लिटर. त्यावर पाव भाग राखीव धरला की ९० च्या वर. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर आणखी सात-आठ टक्के वाढवावे लागतात. हा आकडा पंपाच्या आलेखात कमाल दाबाला पाहायचा: कार्ब्युरेटरवर ०.३ अधिक ०.७ म्हणजे १ बारला, इंजेक्शनवर ३ अधिक १ म्हणजे ४ बारला. डब्यावर ठळक छापलेला आकडा अनेकदा शून्य दाबाचा असतो.

मग ताशी २५५ लिटरचा पंप टाकला तर बिघडलं काय? आयडलला इंजिन तासाभरात लिटरभर पितं. बाकी सगळं पेट्रोल रेग्युलेटरमधून परत जातं. जुन्या गाडीला रिटर्न लाइन बहुधा नसतेच, मग कोणीतरी ६ मिलिमीटरची नळी टाकतं. चार मीटर लांबीच्या त्या नळीतून ताशी २०० लिटर ढकलायला सरळ रेषेतच सुमारे ०.२५ बार लागतात, वळणं वेगळी. म्हणजे रेग्युलेटर पूर्ण उघडा असला तरी दाब ०.२५ च्या खाली येत नाही, आणि वळणं धरली की ०.३ बारवर तो बसवताच येत नाही. स्क्रू पूर्ण सैल करूनही गेज उतरत नसेल, तर दोष रेग्युलेटरचा नाही, रिटर्नचा आहे. आतून ८ मिलिमीटरच्या नळीत हेच नुकसान ०.०७ बारवर येतं.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. १२ व्होल्टवर १० अँपिअर घेणारा पंप १२० वॅट खातो, आणि त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलच तापवते. टाकीत २० लिटर असेल आणि बाहेर काहीच उष्णता गेली नाही, तर तासाभरात ते १३-१४ अंशांनी चढेल. एरवी ही गोष्ट क्षुल्लक वाटली असती, पण पेट्रोल सहज उकळतं. ३८ अंशांना त्याचा बाष्पदाब ०.६ बारच्या आसपास असू शकतो, म्हणजे पंपाच्या तोंडाशी दाब वातावरणापेक्षा ०.४ बारने उतरला की ते नळीतच उकळू लागतं. ५० अंशांना ही मोकळीक जेमतेम ०.१ बारची राहते. वाफेचे बुडबुडे पंपात गेले की तो किरकिरू लागतो, दाब नाचतो आणि आतले भाग झिजतात. हे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. म्हणून पंप टाकीच्या तळाखाली, टाकीला खेटून बसवायचा. आधीची जाळी १०० मायक्रॉनची आणि बारीक १० मायक्रॉनचा फिल्टर पंपाच्या नंतर. उलट लावले तर पंप बारीक फिल्टरमधून ओढत बसतो आणि उकळणं ओढवून घेतो. जुन्या टाकीत आडपडदे नसतात, वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं. तिथे कमी दाबाचा एक छोटा पंप आणि लिटर-दीड लिटरचं मधलं भांडं टाकावं.

वायरिंगचंही तसंच. मूळ १ चौरस मिलिमीटरची तार चार मीटर असेल तर तिचा रोध ०.०७ ओहम, १२ अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. पंपाचा प्रवाह व्होल्टेजवर चांगलाच अवलंबून असल्याने कमाल बूस्टला नेमका तोच कमी पडतो. बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्फत ४ चौरस मिलिमीटरची तार न्यावी, अर्थिंगही तेवढ्याच जाडीचं. पंप चालू असताना मल्टिमीटर थेट त्याच्या टर्मिनलवर लावून पाहावं.

दाबाच्या नळीवर ‘एसएई जे३० आर९’ ही खूण हवी. कार्ब्युरेटरची जुनी नळी ४ बारला टिकत नाही. डायफ्रॅम आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरोइलॅस्टोमर रबराचे घ्यावेत. पितळी पोकळ फ्लोट बूस्टने चेपतात, त्याजागी भरीव बसवावेत. इंजिन बंद पडताच पंप थांबवणारा ऑइल-प्रेशर स्विच आणि अपघाताच्या धक्क्याने पंपाची वीज तोडणारा इनर्शिया स्विच, दोन्ही लागतातच. गेज केबिनमध्ये हवं असेल तर इलेक्ट्रिक सेन्सरचं घ्यावं. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नये.

चाचणी गाडी रस्त्यावर नेण्याआधी जागेवरच होते. इंजिन बंद, पंप चालू, रेग्युलेटरची हवेची नळी काढून त्या जागी गेज असलेला सायकलचा पंप जोडा. हवा ०.७ बार भरली की पेट्रोलचं गेज ०.३ वरून १ वर यायला हवं, ३ वर असेल तर ३.७ वर. वाढ कमी दिसली तर पंप त्या दाबाला पुरत नाही किंवा तारेत व्होल्ट गळताहेत. हवा भरल्या भरल्या उतरू लागली तर आधी जोड तपासा, मग काढलेल्या नळीचं टोक हुंगून पाहा. पेट्रोलचा वास आला तर डायफ्रॅम फाटला आहे.