नवा डाव (गेम मालिका)

नवा डाव म्हणजे एखाद्या गेम मालिकेची गोष्ट जिथं संपली तिथून पुढं न नेता ती परत पहिल्यापासून किंवा वेगळ्या जागी वेगळी माणसं घेऊन सुरू करणं. याला रीबूट पण म्हणतात. रीमेक वेगळा, त्यात तीच गोष्ट नव्यानं बनवतात, आणि रीमास्टरमध्ये तर जुनाच गेम घासूनपुसून देतात. मालिकेचा शेवट लोकांना पटला नाही, अर्धे म्हणाले भारी अन् अर्धे म्हणाले वाट लावली, तर कंपनीनं नवा डाव मांडावा का, यावर सोलापुरात आमच्या पिढीची पोरं चहाच्या गाड्यावर तासतास बोललेली आहेत, म्हणून ही नोंद.

गल्लीत गोट्या खेळताना हरायला लागलं की डाव मोडणाऱ्याला आम्ही "रडीचा डाव खडी" म्हणायचो. शेवटावरून बोंबाबोंब झाली म्हणून कंपनीनं सगळं पुसलं तर तो पण रडीचाच डाव, असं एका बाजूचं म्हणणं असतं, आणि दुसरी बाजू म्हणते की बे, मुळात डावच चुकीचा पडला तर परत मांडायला काय हरकत आहे. दोन्हीत तथ्य आहे, पण माझ्या मते खरा मुद्दा वेगळा आहे, तो म्हणजे त्या शेवटापर्यंत निर्णय कुणी घेतले, लेखकानं का खेळणाऱ्यानं.

यासाठी मास इफेक्टचं उदाहरण सगळ्यात आधी घ्यावं लागतं. बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीचे हे गेम, पहिला २००७ ला आला, दुसरा २०१० ला, तिसरा मार्च २०१२ ला, आणि यांची खासियत अशी की पहिल्या भागाची सेव्ह फाइल, म्हणजे आपण काय काय केलं ते साठवलेली फाइल, दुसऱ्यात अन् दुसऱ्याची तिसऱ्यात घेता यायची, म्हणजे वरमायर ग्रहावर तुम्ही केडन अन् ॲशली या साथीदारांपैकी केडनला वाचवलं का ॲशलीला, रेक्स हा साथीदार जगला का मेला, हे सगळं गेम लक्षात ठेवायचा. पाच वर्षं जपलेलं हे सगळं घेऊन लोक तिसऱ्याच्या शेवटाला पोचले आणि तिथं निवडायला मिळालं काय, तर लाल, निळा अन् हिरवा प्रकाश, तिन्ही व्हिडिओ जवळपास सारखे. लोक इतके भडकले की काहींनी कंपनीला तीन रंगांचे ४०० कपकेक पाठवले, आणि त्याच चळवळीतनं आजारी मुलांच्या चॅरिटीसाठी ८०,००० डॉलरच्या वर रक्कम पण गोळा झाली, हे सांगितलंच पाहिजे कारण चाहत्यांना नुसतं रडके म्हणणं सोपं असतं. जून २०१२ मध्ये कंपनीनं शेवट वाढवून फुकट दिला, त्यात तिन्ही पर्याय नाकारायचा चौथा रस्ता पण आला.

पुढं काय करायचं हा पेच उरलाच. २०१७ ला ॲन्ड्रोमेडा काढला, त्यात जहाजं २१८५ साली, म्हणजे तिसऱ्या भागातलं युद्ध सुरू व्हायच्या आधीच, निघतात आणि ६३४ वर्षांनी २८१९ ला दुसऱ्या आकाशगंगेत पोचतात, म्हणजे तुमचा शेवट लाल असो का हिरवा, तिथं कुणाला काही फरक पडत नाही. कागदावर हुशार तोडगा आहे. खेळताना मला मात्र ओकंबोकं वाटलं, कारण जुनं काहीच खोटं ठरवलं नव्हतं पण जुन्याला किंमत पण उरली नव्हती, आधीच्या तीन भागांचा नायक शेपर्ड बाई होती का बुवा एवढंच सुरुवातीला विचारतात. चेहऱ्यांच्या ॲनिमेशनवरनं लोकांनी जी टीका केली ती बरोबर होती, तरी मला ती दुय्यम वाटते.

आमच्याकडं मागावर काम केलेलं कुणी ना कुणी घरात असायचंच, माझे आजोबा होते, आणि त्यांच्याबरोबर लहानपणी कारखान्यात गेलो की एक गोष्ट बघत बसायचो. बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपत आला की मागावरचे जुने धागे ओढून फेकत नाहीत. नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला गाठ मारून जोडतात, बोटं इतकी पटापट चालतात की गाठ पडलेली दिसतच नाही, मग सगळं हळूच पुढं ओढलं की गाठी फणीतनं पार होतात अन् नवीन चादर सुरू होते, डिझाइन वेगळं असलं तरी चालतं. चांगला नवा डाव मला असाच वाटतो.

गॉड ऑफ वॉर मालिकेनं हे करून दाखवलं. तिसरा भाग २०१० चा, त्यात नायक क्रेटॉस देवांचा राजा झ्यूसला मारतो, अख्खं ग्रीक जग बुडवतो आणि शेवटी स्वतःच्याच पोटात तलवार खुपसतो. इथं निर्णय लेखकाचे होते, आपण नुसतं बटण दाबत होतो, म्हणून लेखकाला नवी जागा शोधायचा पूर्ण हक्क होता. २०१८ चा गेम नॉर्स देवांच्या मुलखात गेला, शेजारी मुलगा ॲट्रियस, हातात कुऱ्हाड, कॅमेरा पण वेगळा. आणि मग मुलगा आजारी पडल्यावर क्रेटॉस घरातल्या फळ्यांखालनं आधीच्या भागांतली ती जुनी साखळीची पाती काढतो, दंडावर गुंडाळतो, तोंडातनं जास्त शब्द नाहीत. मी तिथं कंट्रोलर खाली ठेवला होता. ती गाठ आहे.

मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेम मालिकेनं २००६ च्या आर्मागेडनमध्ये जवळपास सगळे फायटर एकाच लढाईत उतरवले, अन् २०११ चा गेम सुरू होतो तेव्हा ते मरून पडलेले असतात, रेडन हा विजेचा देव मरता मरता भूतकाळातल्या स्वतःलाच निरोप पाठवतो आणि पहिल्या तीन गेमची गोष्ट नव्यानं घडते. सरळ पुसलं, पण पुसल्याचं कारण गोष्टीतच दिलं, म्हणून खपून गेलं.

प्रिन्स ऑफ पर्शियाचं सगळ्यात वाईट झालं. २००८ ला युबीसॉफ्ट कंपनीनं नवा राजपुत्र आणला, शेवटी त्याची सोबतीण एलिका मरते आणि तिला जिवंत करायला राजपुत्र आपणच बंद केलेल्या अहरिमान या दुष्ट देवाला मोकळं सोडतो, झाडं आपल्याच हातानं तोडायला लावतात. मला तो शेवट फार आवडला, मित्रांना अजिबात नाही. पुढचा तुकडा एपिलॉग म्हणून पैसे घेऊन प्लेस्टेशन अन् एक्सबॉक्सवर दिला, पीसीवर दिलाच नाही, आणि आमच्याकडं सगळे पीसीवालेच, म्हणजे आमच्यासाठी गोष्ट तिथंच लटकली. २०१० ला मालिका परत सॅन्ड्स ऑफ टाइम या आधीच्या गेमच्या जुन्या राजपुत्राकडं गेली. वाद झाला म्हणून डाव सोडून मागच्या डावात जाऊन बसणं हे मला नव्या डावापेक्षा वाईट वाटतं. त्याच सॅन्ड्स ऑफ टाइमचा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा काम युबीसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडं होतं, इंद्रायणीनं जाता येईल एवढ्या अंतरावर आपला राजपुत्र बनतोय याचा लै आनंद झाला होता, २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेलं.

सेव्ह फाइल जपणं हा या विषयाचाच भाग आहे. कॅफेतला पीसी कधीही फॉरमॅट व्हायचा आणि घरी लाईट कधीही जायची, म्हणून डॉक्युमेंट्समधला बायोवेअरचा फोल्डर मी दर रविवारी पेनड्राइव्हवर कॉपी करायचो, एकदा विसरलो आणि नेमकं त्याच आठवड्यात हार्ड डिस्क गेली, मग दुसरा भाग अख्खा परत खेळलो, तेच निर्णय आठवून आठवून. ज्या माणसानं हे केलंय त्याला "आता विसरा, नवीन सुरू" म्हणताना कंपनीनं दहादा विचार करायला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये पुढच्या मास इफेक्टचा टीझर आला, त्यात दोन्ही आकाशगंगा दिसतात आणि शेपर्डची जुनी साथीदार, आता म्हातारी झालेली लियारा बर्फातनं एन ७ ही शेपर्डची खूण लिहिलेला चिलखताचा तुटका तुकडा उचलते. तो बघितल्यावर रात्री कपाटातनं पेनड्राइव्ह काढून लावून बघितला, फोल्डर उघडला, फाइल्स आहेत.