'मीच कुठंतरी कमी पडतोय' असं वाटणाऱ्यांसाठी, पहिल्या सेशनला येण्याआधी वाचायला

आमच्या काउन्सेलिंग सेंटरला फोन येतो तेव्हा बरेच जण सुरुवातच अशी करतात, "तसं मला काही झालेलं नाहीये, पण..." आणि मग पुढची वीस मिनिटं त्या 'पण'ची असतात. नोकरी चालू आहे, ईएमआय वेळेवर जातोय, बाहेरून बघणाऱ्याला सगळं झकास, आणि आतून मात्र सारखं वाटत राहतं की आपल्याला काहीच धड जमत नाही, ना ऑफिस, ना पोरांचा अभ्यास, ना आईवडिलांचं करणं. कौतुक केलं तर तेही पटत नाही. 1978 साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच लिहिलं होतं, चांगल्या शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या बायकांना वाटायचं की आपण नशिबानं इथवर आलो, एक दिवस पितळ उघडं पडणार. पुरुषांनाही वाटतं, ते फक्त चिडचिड करतात, बोलत नाहीत.

हा आजार नाही. पण दोन आठवडे झोप, भूक, कशात रस, सगळंच गेलेलं असेल तर ते वेगळं, त्यासाठी आम्ही नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतो, 0 ते 27 स्कोअर येतो, 10 किंवा वर आला तर पुढची नीट तपासणी करायला सांगतो. गोळ्या आम्ही देत नाही, ते सायकियाट्रिस्टचं काम. थायरॉइड मात्र फॅमिली डॉक्टरांकडून आधीच बघून घ्या, तो कमी असला तरी माणूस असाच मरगळतो.

आता सेशनमध्ये काय होतं. लोकांना वाटतं ज्ञान पाजतील, तसं काही नाही, आम्ही 'च' शोधतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात जी पद्धत काढली, आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात, तिचा सगळा भर 'झालंच पाहिजे' या हट्टावर आहे आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो. समजा साहेबांनी सगळ्यांसमोर रिपोर्ट परत दिला. वहीत पट्टीनं रकाने आखायचे, पहिल्यात घटना, दुसऱ्यात मनात आलं ते जसंच्या तसं: "चूक व्हायलाच नको होती, मी नालायकच आहे." तिसऱ्यात पुरावा. रिपोर्टात तक्ते किती होते? अकरा. चुकले किती? एक. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा रिपोर्ट कधी परत आला होता का? आला होता की, गेल्याच महिन्यात. मग तो पण नालायक का? इथं बहुतेक जण हसतात. चौथ्या रकान्यात मग "चूक झाली नसती तर बरं झालं असतं" एवढंच लिहायचं. वाईट वाटतंच, वाटू दे, फक्त त्यापायी रात्री दोनला उठून पंख्याकडे बघत बसायला नको.

अर्थात साहेब खरोखरच छळत असेल किंवा घरात मारहाण असेल तर वही भरून काही होत नाही, तिथं आम्ही तसं स्पष्ट सांगतो आणि वकील, पोलीस जे लागेल त्याबद्दल बोलतो.

सेशन 50 मिनिटांचं, आठवड्यातून एकदा, फी 900 रुपये, यूपीआय चालतं. आठेक सेशननंतर फरक वाटतोय का ते दोघांनी मिळून बघायचं, नसेल तर काउन्सेलर बदलून मागा, आम्हाला राग येत नाही. तुमची आई किंवा मिस्टर फोन करून विचारतील तरी तुम्ही येता की नाही हेही सांगत नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच गोपनीयतेचा हक्क आहे. अपवाद मोजकेच, जसं जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल तर. जीव द्यावासा वाटण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलतात.

येताना दोनशे पानी वही आणा, आमच्याकडे मिळत नाही. लिफ्ट नाही, दोन जिने आहेत, गुडघेदुखी असेल तर आधी सांगा, व्हिडिओ कॉलवर करू. मंगळवारी बंद.